‘दिवाणी’ आणि ‘फौजदारी’: शब्दांचा अर्थ, मूळ आणि कोर्टातला वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाणी म्हणजे काय आणि फौजदारी म्हणजे काय, थोडक्यात सांगाल?

हक्काचा वाद तो दिवाणी, गुन्ह्याचा आरोप तो फौजदारी. शेताचा बांध, घराचा ताबा, वारसाहक्क, उसने पैसे, करार, भाडे यांतला वाद दिवाणी कोर्टात जातो. चोरी, मारहाण, फसवणूक, विनयभंग, खून यांचे आरोप फौजदारी कोर्टात जातात.

मात्र या व्याख्येवर थांबलात तर गफलत होते, कारण एकाच घटनेतून दोन्ही प्रकरणे उभी राहू शकतात. फरक ओळखायची खरी खूण म्हणजे तुम्ही कोर्टाकडे काय मागता ते. ‘माझे मला मिळवून द्या’ ही दिवाणी मागणी. ‘याने गुन्हा केला आहे, याला शिक्षा करा’ ही फौजदारी. पहिल्यात तुम्ही स्वतः वादी असता. दुसऱ्यात, पोलिसांनी गुन्हा नोंदवला असेल तर, खटला सरकार चालवते. म्हणूनच कागदावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असे लिहिलेले असते आणि फिर्यादीचे स्थान साक्षीदाराचे उरते. हे आधी ठाऊक नसल्याने पुष्कळ फिर्यादी पहिल्या तारखेलाच गोंधळतात: ‘केस माझी, मग वकील सरकारचा कसा?’

‘दिवाणी’ हा शब्द आला कुठून?

फारसी ‘दीवान’ या शब्दातून. आधी त्याचा अर्थ होता नोंदवही. वहीवरून ती वही ठेवणारी कचेरी, कचेरीवरून त्या कचेरीचा मुख्य अधिकारी, असा अर्थ सरकत गेला. मोगल सुभ्यात दिवाण हा महसुलाचा प्रमुख होता. वसूल, जमिनीचे हक्क आणि त्यांवरून उठणारे तंटे ही त्याची बाब, म्हणून तिचे नाव ‘दिवाणी’.

शब्दाच्या मुळाबद्दल एक जुनी गोष्ट अरब इतिहासकार इब्न खल्दूनने नोंदवून ठेवली आहे. इराणच्या बादशहाने आपल्या कारकुनांना हिशेब करताना स्वतःशीच पुटपुटताना पाहिले आणि तो म्हणाला, ‘दीवाने!’ म्हणजे वेडे. गोष्ट गोड आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. भाषाभ्यासक हा शब्द प्राचीन इराणी ‘दिपि’, म्हणजे लेख, याच्याशी जोडतात. अशोकाच्या शाहबाजगढी येथील शिलालेखात ‘लिपि’ऐवजी ‘दिपि’ असाच शब्द कोरलेला आहे. लेखनिक या अर्थाचा फारसी ‘दबीर’ त्याच घरातला, आणि त्याचेच मराठी रूप ‘डबीर’. म्हणजे लिपी, डबीर आणि दिवाण हे तिघे भाऊबंद ठरतात.

गालिबच्या कवितासंग्रहाला ‘दीवान’ म्हणतात तो हाच शब्द. बैठकीचा दिवाण आणि वाड्यातला दिवाणखानाही त्यातलेच: कचेरीतली बैठक, मग बसायचे आसन.

मग ‘फौजदारी’ म्हणजे फौजेशी संबंधित?

मुळात हो. ‘फौज’ अरबी, म्हणजे जमाव, सैन्याची तुकडी. ‘दार’ फारसी, म्हणजे बाळगणारा. मोगल काळात फौजदार हा आपल्या मुलखात शिबंदी, म्हणजे पगारी शिपाई, बाळगून बंडखोर, दरोडेखोर आणि वाटमारे यांचा बंदोबस्त करणारा अधिकारी. सुव्यवस्था राखणे त्याच्याकडे, म्हणून गुन्ह्यांची बाबही त्याच्याकडे.

मराठीत हा शब्द अजून पोलीस ठाण्यात नांदतो आहे. खेडोपाडी पोलीस उपनिरीक्षकाला ‘फौजदारसाहेब’ म्हणतात आणि त्यात कुणाला जुनेपणा वाटत नाही.

दोन शब्दांतला मूळ फरक आजही उपयोगी पडतो. एक शब्द वहीतून आला, दुसरा हत्यारबंद बळातून. दिवाणी कोर्टात तुमचे बळ म्हणजे तुमचे कागद. फौजदारीत अटक, झडती, जप्ती हे बळ राज्याचे, आणि म्हणून ते वापरण्याच्या अटीही कडक.

हे शब्द कोर्टांच्या नावात कधी आले?

१२ ऑगस्ट १७६५ रोजी अलाहाबादच्या तहाने बादशहा शाह आलम दुसरा याने बंगाल, बिहार व ओरिसाची ‘दिवाणी’ ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कंपनीला हवा होता महसूल, पण महसुलाबरोबर जमिनीचे तंटेही पदरी आले. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यांत दोन कचेऱ्या नेमल्या. ‘मुफस्सल’, म्हणजे जिल्ह्याची, ‘दिवाणी अदालत’ कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली, तर ‘मुफस्सल फौजदारी अदालत’ काझी व मुफ्ती यांच्याकडे. वर कलकत्त्यात सदर, म्हणजे मुख्य, दिवाणी अदालत आणि फौजदारी बाजूची सदर निजामत अदालत. ‘कलेक्टर’ म्हणजे वसूल करणारा, आणि तोच न्यायाला बसलेला. महसूल आणि न्याय एकाच हातात असल्याचा दोष पुढे कंपनीलाही जाणवला आणि १७९३ मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने दिवाणी न्याय कलेक्टरकडून काढून घेतला.

मुंबई इलाख्यात वरिष्ठ कोर्टांची नावे सदर दिवाणी अदालत आणि सदर फौजदारी अदालत अशी होती. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे १८२७ चे कायदे लागू झाले. दोन्ही सदर अदालती आणि मुंबईचे तेव्हाचे सुप्रीम कोर्ट एकत्र करून १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे काम सुरू झाले. अदालती गेल्या, त्यांची विशेषणे मात्र खालच्या कोर्टांच्या पाट्यांवर राहिली.

इंग्रजांच्या आधी मराठी मुलखात हे शब्द नव्हते का?

होते, पण अर्थ वेगळा. शिवकालीन कागदांत ‘दिवाण’ म्हणजे सरकार. ‘दिवाणात’ पैका भरायचा म्हणजे सरकारात भरायचा. न्याय मात्र मुख्यतः गोतसभा (गावातले वतनदार व भाऊबंद यांची सभा), पंचायत, मजलिस यांच्यापुढे होई. निवाडा ज्या कागदावर उतरे तो ‘महजर’. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत. लिहिता न येणारा पाटील सहीच्या जागी नांगर काढी.

ती ‘निशाणी’ आजही कोर्टात आहे. दिवाणी दाव्याच्या फायलीत प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘नि. १’, ‘नि. ५’ असे आकडे घातलेले दिसतात. ती निशाणी म्हणजे कागदाची ओळख. नि. १ ला दावा असतो आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुधा नि. ५ ला, इतका ठरलेला की वकील नुसते ‘निशाणी पाचवर युक्तिवाद आहे’ एवढेच म्हणतात. पक्षकाराने विचारले ‘पाच म्हणजे काय?’, तर उत्तर हेच.

शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. डबीराचा सुमंत झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. ‘न्यायाधीश’ हे पद अष्टप्रधानांत होतेच. आज तालुक्याच्या कोर्टातली पाटी वाचा: ‘दिवाणी न्यायाधीश’. पहिला शब्द फारसी, दुसरा संस्कृत. या मुलखातल्या न्यायाचा चारशे वर्षांचा इतिहास त्या दोन शब्दांत बसला आहे.

एकाच न्यायाधीशांच्या पाटीवर दोन-दोन पदे का असतात?

कारण ते दोन्ही कामे करतात. तालुक्याला ‘दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग’ अशी पाटी असते. सकाळी त्याच खुर्चीवरून बांधाचा दावा ऐकतात, दुपारी मारहाणीचा खटला. जिल्ह्याला ‘जिल्हा व सत्र न्यायाधीश’ असतात. त्यातले ‘जिल्हा’ हे दिवाणी बाजूचे पद आणि ‘सत्र’ हे फौजदारी बाजूचे. खुनाचा खटला ‘जिल्हा न्यायालयात’ चालला असे वर्तमानपत्रात येते. काटेकोर बोलायचे तर तो सत्र न्यायालयात चालतो.

दिवाणी बाजूला कनिष्ठ स्तर न्यायालयाची मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची, त्यावरचे दावे वरिष्ठ स्तराकडे. मुंबईची रचना वेगळी: तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे आणि भाड्याचे वाद लघुवाद न्यायालयात जातात.

नोटिशीवर ‘रे.मु.नं.’ लिहिले आहे. म्हणजे काय?

‘रेग्युलर मुकदमा नंबर’, म्हणजे नियमित दिवाणी दावा क्रमांक. ‘स्पे.मु.नं.’ म्हणजे विशेष दिवाणी दावा, हा वरिष्ठ स्तराकडचा. ‘दरखास्त’ म्हणजे हुकूमनाम्याच्या, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या अंतिम आदेशाच्या, अंमलबजावणीचा अर्ज. ‘क्रि. केस’ दिसले तर प्रकरण फौजदारी. नोटीस हातात आली की आधी ही अक्षरे पाहा, मग कोर्टाचे नाव, मग तारीख. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, मिळाला तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाची पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात. हा क्रमांक वकिलाकडून मागून स्वतःजवळ लिहून ठेवा. पक्षकाराला तारीख माहीत नसल्याने दावा गैरहजेरीत निकाली निघण्याचे प्रकार अजूनही होतात, आणि ते टाळायला एवढी नोंद पुरते.

‘दिवाणी गुन्हा’ म्हणणे बरोबर आहे का?

नाही. दिवाणीत गुन्हा नसतो आणि आरोपीही नसतो. दिवाणीत दावा लावतात, वादी-प्रतिवादी असतात, प्रतिवादी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देतो, शेवटी हुकूमनामा होतो आणि तो वसूल करायला दरखास्त करावी लागते. फौजदारीत फिर्याद देतात, फिर्यादी-आरोपी असतात, पोलीस दोषारोपपत्र पाठवतात, खटला चालतो आणि शेवटी शिक्षा किंवा निर्दोष सुटका. ‘फिर्याद’ हा फारसी शब्द मुळात मदतीसाठी मारलेली हाक आहे, आणि ‘दावा’ हा अरबी शब्द म्हणजे हक्क सांगणे. दोन बाजूंचा स्वभाव या दोन शब्दांत नेमका उतरला आहे.

अर्जात शब्द चुकला म्हणून अर्ज फेटाळला जातो असे नाही. पण ‘प्रतिवादीला आरोपी करून हक्क मिळावा’ असा मजकूर लिहिला की मागणी कोणती तेच कळेनासे होते, आणि तिथून तारखा वाढतात.

इंग्रजीतल्या ‘सिव्हिल’ला मराठीत कधी दिवाणी, कधी नागरी, कधी मुलकी म्हणतात. योग्य कोणता?

संदर्भ पाहून. कोर्ट, दावा, प्रक्रिया यांच्यापुढे ‘दिवाणी’. कायद्याच्या एकसमानतेची चर्चा असेल तर ‘समान नागरी कायदा’. लष्कराच्या विरुद्ध अर्थाने ‘मुलकी’. सिव्हिल हॉस्पिटलला मात्र लोक ‘सिव्हिल’च म्हणतात, ते तसेच राहू द्यावे.

गोव्यात हा फरक लक्षात ठेवावा लागतो. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग आजही लागू आहे. तो ‘नागरी कायदा’. त्याखालचा वाद ज्या कोर्टात चालतो ते ‘दिवाणी न्यायालय’. पहिले म्हणजे हक्क कोणता ते, दुसरे म्हणजे तो मागायचा कुठे ते.

२०२४ च्या नव्या कायद्यांनंतर ‘फौजदारी’ शब्द गेला का?

कायद्याच्या नावातून गेला. १९७३ च्या कायद्याला मराठीत ‘फौजदारी प्रक्रिया संहिता’ म्हणत. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३’ आली. दंड संहितेच्या जागी ‘भारतीय न्याय संहिता’ आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी ‘भारतीय साक्ष्य अधिनियम’. दिवाणी बाजूला मात्र ‘दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८’ तशीच आहे.

नव्या नावात ‘नागरिक’ असल्याने काहींना तो दिवाणी कायदा वाटतो. तो फौजदारी प्रक्रियेचाच आहे. कलमांचे आकडे बदललेत, ते तपासूनच लिहा: फसवणुकीचे ४२० आता न्याय संहितेचे ३१८, प्रथम खबरीचे १५४ आता सुरक्षा संहितेचे १७३, अटकपूर्व जामिनाचे ४३८ आता ४८२. यात फसगतीची जागा आहे: जुन्या संहितेत ४८२ हे कलम गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याचे होते, ते आता ५२८ झाले.

पोलीस म्हणतात ‘ही मॅटर दिवाणी आहे, कोर्टात जा.’ ते बरोबर असते का?

कधी बरोबर, कधी टाळाटाळ. ओळखायचे कसे ते पाहा.

समोरच्याने करार पाळला नाही एवढीच तक्रार असेल तर ते दिवाणी. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू लागतो. एखाद्याने प्लॉटचे विसारपावती करून पैसे घेतले आणि नंतर खरेदीखत करून देत नाही, तर हा विशिष्ट पूर्ततेचा, म्हणजे करार प्रत्यक्ष पुरा करून मागण्याचा, दावा, मुदत तीन वर्षे. पण तोच प्लॉट त्याने आधीच दुसऱ्याला विकलेला होता आणि ते लपवून तुमच्याकडून पैसे घेतले, तर इथे फसवणूक आहे, आणि दिवाणी उपाय असला तरी फौजदारीही चालते. दोन्हीसाठी कागद लागतात, पण वेगवेगळे. दिवाणीला विसारपावती आणि पैसे दिल्याचा पुरावा. फौजदारीला त्यांच्या जोडीला आधीच्या विक्रीच्या दस्ताची नक्कल, कारण तारखेवरूनच हेतू दिसतो.

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात तो, उघड दिसत असूनही पोलीस नोंदवत नसतील तर क्रम असा: ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. मग पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी तक्रार, टपालाने पाठवली तर पावती जपा. तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज, शपथपत्रासह. अधीक्षकांचा टप्पा वगळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो. सगळ्यात जास्त चुकणारी पायरी हीच.

उलट बाजूही स्पष्ट सांगायला हवी. वसुलीसाठी दबाव म्हणून दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नये. असे गुन्हे उच्च न्यायालयात रद्द होतात, आणि तोवर दाव्याची तीन वर्षांची मुदत निघून गेलेली असते. पोलिसांत तक्रार चालू आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही.

चेक न वटण्याची केस दिवाणी की फौजदारी?

मागणी पैशाची, पण मार्ग फौजदारी. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे सगळे मुदतींवर चालते:

- चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस.
- नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस.
- ते संपल्यावर एक महिन्याच्या आत फिर्याद.

नोटिशीत चेकची नेमकी रक्कम मागा. व्याज आणि खर्च एकत्र करून एकच ठोक आकडा लिहिल्याने नोटीस सदोष ठरू शकते. पैसे वसुलीचा दिवाणी दावा वेगळा लावता येतो, त्याची मुदत तीन वर्षे.

शेताचा रस्ता अडवला आहे. दिवाणी कोर्टात जायचे का?

आधी तहसीलदारांकडे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याची वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३. या दोन कलमांची सरमिसळ झाली की अर्ज फेटाळला जातो: पहिल्यात ‘रस्ता होता, अडवला’ हे सिद्ध करायचे, दुसऱ्यात ‘रस्ता नाही, गरज आहे’ हे. एकाच अर्जात दोन्ही लिहिले की एक म्हणणे दुसऱ्याला खोटे पाडते.

शब्दाचा प्रवास इथे पाहण्याजोगा आहे. ‘दिवाणी’ म्हणजे मुळात महसुलाची बाब. आज महसुली प्रकरण म्हणजे जे दिवाणी कोर्टात जात नाही ते. फेरफाराची नोंद महसुली अधिकारी घेतात, अपीलही त्यांच्याकडेच. पण सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी ठरली असे होत नाही. मालकीचा निर्णय दिवाणी कोर्टच देते.

दिवाणी दाव्यात तुरुंगात जावे लागते का?

शिक्षा म्हणून नाही. पण ‘दिवाणी कैद’ नावाची गोष्ट कायद्यात आहे. पैशाचा हुकूमनामा झाला, ऋणकोकडे (ज्याने पैसे द्यायचे त्याच्याकडे) ऐपत आहे आणि तरी तो बुडवतो आहे, तर दरखास्तीत त्याला अटक होऊ शकते: हुकूमनामा ५,००० रुपयांवर असेल तर तीन महिन्यांपर्यंत, २,००० ते ५,००० असेल तर सहा आठवड्यांपर्यंत, त्याखाली अजिबात नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. कैदेतल्या ऋणकोचा निर्वाहभत्ता पैसे मागणाऱ्यानेच भरायचा असतो. नुसती गरिबी हे अटकेचे कारण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे.

मनाई हुकूम मोडला तर वेगळा अर्ज करावा लागतो, त्यात तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आणि मालमत्तेची जप्ती होऊ शकते. पोलीस ठाण्यात नुसती मनाईची प्रत दाखवून अटक होत नाही.

फौजदारीत निर्दोष सुटलो. मग दिवाणी दावाही आपोआप जिंकलो ना?

नाही. फौजदारीत आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत कोणाच्या म्हणण्याची शक्यता जास्त, एवढे पारडे पुरते. त्यामुळे खोट्या दस्ताच्या खटल्यात सुटलेला माणूस त्याच दस्तावरचा दावा हरू शकतो. दोन्ही प्रकरणे एकाच वेळी चालू शकतात. आपल्या दोन्ही वकिलांना एकमेकांच्या फायली दाखवा. कैफियतीत लिहिलेले एक वाक्य खटल्यातल्या उलटतपासणीत पुढे येते.

पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचार कुठे बसतात?

मधल्या जागेत. पोटगीचे जुने कलम १२५, आता सुरक्षा संहितेचे १४४, फौजदारी प्रक्रियेत आहे, पण मिळते ते दिवाणी स्वरूपाचे: पैसे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी राहत्या घराचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश देतात. तो अर्ज म्हणजे गुन्ह्याची फिर्याद नव्हे. संरक्षणाचा आदेश मोडला की मात्र गुन्हा होतो.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, बहुतेक ठिकाणी ती कोर्टाच्या आवारातच असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही.

‘अदालत’ शब्द आता कुठे उरला?

मराठी कामकाजात मुख्यतः ‘लोकअदालत’मध्ये. हा अरबी ‘अद्ल’, म्हणजे न्याय, समतोल, यापासून आलेला शब्द. प्रलंबित दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटला तर भरलेले कोर्ट फी स्टॅम्पाचे पैसे परत मिळतात, आणि त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी तडजोडीच्या मजकुरात चतुःसीमा, गट नंबर, रक्कम आणि देण्याची तारीख चार वेळा वाचा. दिवाणी वादाची तडजोड तर होतेच. फौजदारीत फक्त तडजोडपात्र गुन्हे तिथे येतात, चेकच्या केसेस त्यांत येतात.